जिथे किब्ला उत्तरेला आहे

एकट्याने लांबच्या प्रवासाला निघू नये, ही गोष्ट आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. त्यामागे नुसती आईची काळजी नसते, हदीसचा आधारही असतो. बुखारी शरीफमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसचा आशय असा, की एकटेपणातलं जे मला ठाऊक आहे ते लोकांना कळलं असतं, तर कुणीही स्वार रात्रीच्या वेळी एकटा निघाला नसता. गेल्या जुलैत मी कॅनडाच्या उत्तर टोकापर्यंत एकट्याने गाडी चालवत जायचं ठरवलं, तेव्हा रत्नागिरीहून भाईजानचा फोन आला आणि त्यांनी हीच हदीस पुढे ठेवली. "त्या दिवसांत तिथे रात्रच होत नाही," मी हसत म्हटलं. ते हसले नाहीत. "रात्र नसेल. एकटेपण तर असेल ना?"

खरं तर आम्ही तिघे जाणार होतो. एकाची रजा रद्द झाली, दुसऱ्याच्या घरी पाळणा हलला. मी नोकरीनिमित्त एडमंटनला राहतो आणि ही वाट पाच वर्षं नकाशावर पाहत होतो. शेवटी भाईजाननी अटी घातल्या. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र सोबत ठेवायचं, रोज मुक्कामाला पोचल्यावर त्यावरून खुशाली कळवायची, ठरलेली वाट सोडायची नाही आणि डोंगरात शिरताना तिथल्या माणसाला सांगून शिरायचं. अम्मीने एकच अट घातली, नमाज चुकवायची नाही. भाईजानच्या अटी पाळणं सोपं गेलं. अम्मीची अट पाळताना मात्र मला पुष्कळ शिकावं लागलं.

रस्त्याआधीचा रस्ता

एडमंटन हे निघायला चांगलं ठिकाण आहे. कॅनडातली पहिली मशीद इथेच, १९३८ साली उभी राहिली. अल रशीद तिचं नाव. तिच्यासाठी पैसे जमवण्यात शहरातल्या अरब घराण्यांतल्या बायका पुढे होत्या. हिल्वी हमदान ही त्यांच्यातली प्रमुख. महापौरांकडे जागा मागणारी आणि मुस्लिम, ख्रिस्ती, ज्यू अशा सगळ्या दुकानदारांकडे वर्गणीसाठी जाणारी. ती जुनी इमारत आता शहरातल्या संग्रहालयाच्या आवारात जपून ठेवली आहे. तिथे दोन रकात नफल पढून, सवारीची दुआ म्हणून मी गाडी सुरू केली.

डॉसन क्रीक या गावापासून अलास्का महामार्ग सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी सैन्याने सुमारे आठ महिन्यांत हा रस्ता जंगलातून काढला. काम करणाऱ्या सैनिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. आज हा रस्ता डांबरी आहे आणि त्यावर पेट्रोल, जेवण, मुक्काम सगळं मिळतं. व्हाइटहॉर्सनंतर उत्तरेला वळून डॉसन सिटीच्या अलीकडे सुमारे ४० किलोमीटरवर एक फाटा येतो. तिथे डांबर संपतं आणि डेम्पस्टर महामार्ग सुरू होतो. एडमंटनपासून इथवर अडीच हजार किलोमीटर झालेले असतात, पण प्रवासाला खरी सुरुवात इथे होते.

डेम्पस्टर महामार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा, जवळजवळ सगळा खडीचा. १९५९ मध्ये काम सुरू झालं, मध्ये बरीच वर्षं रखडलं आणि १९७९ साली रस्ता खुला झाला. इथली जमीन वरच्या थोड्या थराखाली बारमाही गोठलेली असते. तिच्यावर थेट रस्ता केला तर ती वितळून खचते. म्हणून आधी खडीचा जाड बांध घालतात, काही ठिकाणी दोन मीटरहून उंच, आणि त्यावरून रस्ता नेतात. आपल्याकडे घराला चौथरा लागतो पाण्यापासून वाचायला. इथे रस्त्याला चौथरा लागतो, खालचा बर्फ थंड राहावा म्हणून.

फाट्यापासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटरमध्ये एकही पेट्रोल पंप नाही. वस्त्या सोडल्या तर मोबाइल चालत नाही. रस्त्यातली टोकदार खडी टायर फाडते, म्हणून दोन स्टेपन्या घ्या असं सगळे सांगतात. मी दोन घेतल्या. शिवाय पेट्रोलचा डबा, वीस लिटर पाणी, तांदूळ, मसूर डाळ, सुकी कोळंबी, अम्मीने पाठवलेलं कैरीचं लोणचं आणि अस्वलासाठी तिखट फवाऱ्याची बाटली.

टूम्बस्टोनचे डोंगर

पहिल्या ७० किलोमीटरनंतर टूम्बस्टोन हे संरक्षित क्षेत्र लागतं. काळ्या, दातेरी सुळक्यांची ही रांग. कबरीवरच्या उभ्या दगडासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं. गोऱ्या लोकांनी नाव देण्याच्या कितीतरी आधीपासून ही जमीन ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांची आहे. ते इथे शिकारीला येत आणि आजही येतात. या उद्यानाचा कारभारही सरकार आणि ते मिळून पाहतात. तिथल्या केंद्रात एका बाईने नकाशावर बोट ठेवून मला वाटा सांगितल्या आणि कुठल्या दरीत दोन दिवसांपूर्वी अस्वल दिसलं तेही सांगितलं. मग नाव, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ लिहून घेतली. भाईजानची अट इथे आपोआप पाळली गेली.

पहिल्या दिवशी मी गोल्डनसाइड्सची चढण केली. वाट छोटी आहे, पण वर पोचलं की नॉर्थ क्लॉन्डाइक नदीची अख्खी दरी पायाखाली येते. जुलैत फायरवीडची गुलाबी-जांभळी फुलं उतारभर असतात आणि ओल्या जागी कापूसगवत डुलत असतं. झाडं मात्र थोड्या उंचीनंतर संपतात. मग गुडघ्याएवढी झुडपं, मग शेवाळ आणि दगडफूल. सह्याद्रीत उंच चढलं तरी करवंद-जांभळीचा हिरवा पडदा सुटत नाही. इथे सगळं उघडं आहे. पाच किलोमीटरवरची पांढरी मेंढरंही ठिपक्यांसारखी मोजता येतात.

दुसऱ्या दिवशी ग्रिझली लेकच्या वाटेवर पहिल्या टप्प्यापर्यंत गेलो. पुढच्या मुक्कामाला परवाना लागतो, तो माझ्याकडे नव्हता. सुरुवातीला दाट झाडी आहे. केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं, की गुपचूप चालू नका. अस्वल माणसावर मुद्दाम येत नाही, अचानक समोर आलेल्या माणसाला बिथरतं. काहीजण घुंगरू बांधतात, काही गाणी म्हणतात. मी मोठ्याने सूरह रहमान म्हणत चाललो. पाठ झालेली सूरह रोज घाईत म्हणतो, तिथे एकेक आयत श्वास लागेपर्यंत म्हणावी लागत होती. दर थोड्या आयतींनी तोच प्रश्न परत येतो, की आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या तुम्ही नाकाराल. झाडी संपून समोर सुळके उघडे झाले तेव्हा माझा आवाज आपोआप खाली आला.

फोटोसाठी इथे वेगळंच घड्याळ लागतं. दुपारचा उजेड चपटा आणि पांढरा. जुलैच्या मध्याला इथे सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि साडेचारच्या आत उगवतो. त्यामुळे आपल्याकडे संध्याकाळी वीस मिनिटं मिळणारा सोनेरी उजेड इथे तासन्‌तास टिकतो. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा आणि दिवसा झोपायचं. धुळीत लेन्स बदलायची नाही, आणि डोक्यावर मच्छरांची जाळी असल्याशिवाय तिकाटण्याजवळ उभंही राहायचं नाही. तिथले डास आपल्या पावसाळ्यातल्या डासांना लाजवतील.

सफर आणि नमाज

सफरीतल्या सवलती आपल्याला पुस्तकातून माहीत असतात. चार रकातच्या फर्जच्या दोन होतात. कोकणात आम्ही बहुतेक शाफई, म्हणून जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलतही घेतो. घाटावरचे हनफी मित्र कसर करतात, पण नमाजा आपापल्या वेळीच पढतात. दोन्ही मार्ग आपल्या इमामांनी दलीलवर उभे केलेले आहेत. पण या सगळ्याला एक गोष्ट गृहीत आहे, की सूर्य मावळेल, काळोख होईल आणि पहाट फुटेल. टूम्बस्टोनमध्ये सूर्य मावळत होता, पण आकाश काळं होतच नव्हतं. इशाची खूण दिसत नव्हती. आणखी उत्तरेला गेल्यावर तर मगरिबचीही दिसणार नव्हती.

हा प्रश्न नवा नाही. इ.स. ९२१ मध्ये बगदादच्या खलिफांनी व्होल्गा नदीकाठच्या बुल्गारांकडे एक शिष्टमंडळ पाठवलं. त्यातल्या इब्ने फजलान यांनी त्या प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. एका संध्याकाळी ते बगदादच्या एका शिंप्याबरोबर तंबूत इशाच्या अजानची वाट पाहत गप्पा मारत बसले. थोड्याच वेळात अजान झाली. बाहेर येऊन पाहतात तर पहाट उजाडलेली. मुअज्जिनने सांगितलं, की आम्ही इशा मगरिबबरोबरच पढतो, नाही तर रात्र हातातून जाते. फजर चुकेल या भीतीने आपण महिनाभर झोपलो नाही, असंही त्या मुअज्जिनने त्यांना सांगितलं. हजार वर्षांपूर्वीचा तो मुअज्जिन मला रस्त्यावर सारखा आठवत होता.

याला मार्गदर्शन आहे, आणि तेही फार जुनं. सही मुस्लिममध्ये हजरत नव्वास बिन समआन (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये दज्जालच्या काळातल्या एका दिवसाचं वर्णन आहे, जो वर्षाएवढा लांब असेल. ते ऐकून सहाबांनी दज्जालबद्दल तर विचारलंच, पण हेही विचारलं, की त्या दिवशी एका दिवसाच्याच नमाजा पुरतील का? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं की नाही, वेळेचा अंदाज करून पढा. याच आधारावर आजचे विद्वान सांगतात, की जिथे दिवस-रात्रीच्या खुणा मिळत नाहीत तिथे खुणा मिळणाऱ्या शहराच्या किंवा मक्केच्या वेळा धराव्यात. मी एडमंटनच्या वेळा कागदावर लिहून आणल्या होत्या. ओगिल्वी डोंगरांत, लोहामुळे लालसर झालेल्या इंजिनिअर क्रीकच्या काठी लख्ख उजेडात चटई पसरून मगरिब पढताना पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं. दोन दिवसांनी जाणवलं, की आपण सूर्याची इबादत करत नाही. सूर्य हे फक्त घड्याळ आहे. ते बंद पडलं तर दुसऱ्या गावचं घड्याळ पाहायचं.

वाटाड्या सोडून गेलेले चौघे

ईगल प्लेन्सला पेट्रोल भरून पुढे निघालो. ४०५व्या किलोमीटरवर उत्तर ध्रुववृत्ताची पाटी आहे. तिच्यापुढे तासाभरात मागचा डावा टायर फाटला. गाडी बांधाच्या कडेला घेऊन मी जॅक काढला. पुढच्या अर्ध्या तासात त्या निर्जन रस्त्यावरून तीन गाड्या गेल्या आणि तिन्ही थांबल्या. पहिली एका म्हाताऱ्या जोडप्याची, त्यांनी चहा दिला. दुसरा मालट्रक. त्याच्या चालकाने पाना माझ्या हातातून घेऊन घट्ट बसलेले नट सोडवले आणि कंप्रेसरने स्टेपनीत हवा भरली. तिसरी एका ग्विचिन कुटुंबाची. काम झालंय हे पाहूनही त्यांनी विचारलं, पाणी आहे का, खायला आहे का, कुठवर जातोस. या रस्त्यावर थांबलेल्या गाडीजवळून कुणी न विचारता पुढे जात नाही. हा कायदा नाही, रिवाज आहे. आज तुझा टायर, उद्या माझा.

या रस्त्याला ज्याचं नाव दिलं, त्या डेम्पस्टरची गोष्टही एकटेपणाचीच आहे. रस्ता होण्यापूर्वी पोलीस दर हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाड्यांवरून डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्या दरम्यान टपाल नेत. २१ डिसेंबर १९१० रोजी इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन साथीदारांसह मॅकफर्सनहून निघाले. वेळ वाचवायचा म्हणून शिधा कमी घेतला. काही दिवस इसाव जॉर्ज नावाच्या ग्विचिन माणसाने वाट दाखवली. मग त्याची मजुरी देऊन त्याला परत पाठवलं. साथीदारांपैकी कार्टर हा वाट जाणणारा मानला होता, पण तो पूर्वी एकदाच आणि तेही उलट दिशेने आलेला. ज्या ओढ्यातून वळायचं तोच सापडेना. आठवडाभर शोधून ते मागे फिरले आणि परतीच्या वाटेवर चौघेही मरण पावले. फिट्झजेराल्ड आणि कार्टर फोर्ट मॅकफर्सनपासून जेमतेम ४० किलोमीटरवर होते. मार्च १९११ मध्ये त्यांचा शोध लावणारा कॉर्पोरल डेम्पस्टर डॉसनहून निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर चार्ली स्टुअर्ट नावाचा ग्विचिन वाटाड्या होता.

फोर्ट मॅकफर्सनला चर्चच्या आवारात त्या चौघांच्या कबरी आहेत. मी तिथे बराच वेळ उभा होतो. ते चार होते, म्हणजे एकटे नव्हते. तरीही वाट जाणणाऱ्याला त्यांनी सोडून दिलं होतं. भाईजानच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या कबरींपाशी मिळालं. एकटेपण माणसं मोजून ठरत नाही.

आणि ज्याला आपण निर्जन म्हणतो ते निर्जन नसतंही. मॅकफर्सनच्या अलीकडे पील नदी ओलांडायला फेरीबोट आहे, पुढे त्सिगेचिक गावापाशी मॅकेन्झी नदीवर दुसरी. पुलाचा पत्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच गाड्या जातात, आणि बर्फ धरताना व सुटताना काही आठवडे वाट बंदच असते. दाभोळची फेरीबोट वापरणाऱ्या माणसाला हे नवल नाही. फक्त इथे तिकीट नसतं. पील नदीच्या काठी मासे सुकवायच्या मांडवी दिसल्या, खाली मंद धूर. अगदी हर्णैच्या वलांडीसारख्या. तिथल्या एका आजींना मी फोटो काढू का विचारलं. त्या म्हणाल्या, माशांचा काढ, माझा नको. मी माशांचा काढला. निघताना त्यांनी कागदात गुंडाळून सुका मासा दिला. त्या दिवशी माझ्या मसुरीबरोबर तोच होता.

नदीवरून आलेली मशीद

इनूविक हे ध्रुववृत्ताच्या सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेला, तीनेक हजार वस्तीचं गाव. १९५०च्या दशकात सरकारने नव्याने वसवलेलं. गोठलेली जमीन वितळू नये म्हणून घरं खांबांवर उभी आणि पाण्याचे-सांडपाण्याचे नळ जमिनीवरून उबदार पेट्यांतून नेलेले. उन्हाळ्यात जवळपास आठ आठवडे सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात महिनाभर उगवत नाही. माझ्या मुक्कामात सूर्य दुपारी तीनच्या सुमाराला सर्वांत उंच यायचा, कारण घड्याळ बरंच पुढे ठेवलेलं असतं.

या गावात एक मशीद आहे. लेबनॉन, सुदान, इजिप्त अशा देशांतून कामासाठी आलेली माणसं इथे टॅक्सी चालवतात, दुकानं चालवतात. पूर्वी ते एका लहानशा जागेत दाटीवाटीने नमाज पढत. गावात बांधकाम फार महाग पडतं, कारण सगळं सामान बाहेरून येतं. म्हणून विनिपेगच्या जुबैदा तल्लब फाउंडेशनने तिकडेच तयार मशीद बांधली आणि २०१० साली ती ट्रकवर चढवून पाठवली. सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास. वाटेत अरुंद पूल, एका ठिकाणी ती उलटता उलटता वाचली. पुढे मॅकेन्झी नदीतून पडावावरून, हंगामातल्या शेवटच्या फेरीत. ती फेरी चुकली असती तर मशीद वर्षभर नदीकाठी अडकली असती. सप्टेंबरमध्ये ती गावाला लागली, नोव्हेंबरमध्ये उघडली. मिनार मग गावातच उभारला.

मी पिवळसर रंगाच्या त्या छोट्या इमारतीत शिरलो तेव्हा घड्याळात दहा वाजत आले होते आणि खिडकीतून ऊन चटईवर पडलं होतं. मगरिबच्या जमातीला आम्ही नऊ जण. एडमंटनच्या वेळा. शेजारी उभा असलेला सुदानी टॅक्सीवाला नंतर म्हणाला, "पहिल्या वर्षी रमजान उन्हाळ्यात आला. मी बायकोला फोनवर सांगितलं की इथे मगरिबच नाही. ती म्हणाली, मग तू घरी ये." नऊ वर्षं झाली, तो इथेच आहे. बायको-मुलं खार्तूमहून कैरोला गेली आहेत, त्यांचे कागद होण्याची तो वाट पाहतो आहे. मला त्याने घरी नेऊन जेवू घातलं. मुक्काम संपेपर्यंत हॉटेलात राहू दिलं नाही. या मशिदीशी जोडलेली अन्नपेढीही आहे. तिथे शिधा घ्यायला येणारी बहुतेक माणसं मुस्लिम नसतात, गावातली आदिवासी कुटुंबं असतात. इतक्या दूर दुधाची पिशवीही महाग असते.

हा टॅक्सीवाला मला रस्त्यावरच्या सगळ्या देखाव्यांपेक्षा जास्त आठवतो. मी तीन आठवडे एकटा होतो आणि परत जायला घर होतं. तो नऊ वर्षं एकटा होता. भाईजानची हदीस खरी कुणाला लागू होते, हा विचार मला तिथे आला. रोज पाच वेळा त्या लहानशा खोलीत नऊ-दहा खांदे एकमेकांना लागतात, त्या स्पर्शासाठी माणसांनी चार हजार किलोमीटरवरून मशीद आणली होती.

समुद्राच्या काठी

२०१७ पर्यंत इनूविकच्या पुढे उन्हाळ्यात रस्ता नव्हता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तुक्तोयाक्तुकपर्यंतचा १३८ किलोमीटरचा रस्ता खुला झाला, आणि कॅनडाच्या रस्त्यांनी पहिल्यांदा आर्क्टिक समुद्र गाठला. झाडं मागे राहतात. उरतात तळी, ओली माळरानं आणि पिंगो. पिंगो म्हणजे आत बर्फाचा गड्डा असलेली टेकडी. त्यांतला इब्युक ४९ मीटर उंच आहे. तुक्तोयाक्तुक हे इनूविआलुइत लोकांचं नऊशेएक वस्तीचं गाव. समुद्र त्याचा किनारा दरवर्षी कुरतडतो आहे, कारण किनारा धरून ठेवणारा बर्फच वितळतो आहे. काठावरची काही घरं उचलून आत न्यावी लागली.

मी तिथे १५ जुलैच्या रात्री पोचलो, मुद्दाम. वर्षातून दोनदा, मेअखेर आणि जुलैच्या मध्याला, सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथून सूर्य दिसेल तिथून तो किब्ल्याची दिशा दाखवतो. जुलैतली ही वेळ मक्केत दुपारी १२ वाजून २७ मिनिटं, भारतात २ वाजून ५७ मिनिटं. पण कोकणात जुलैमध्ये सूर्य ढगांआड असतो, त्यामुळे लहानपणी आम्हाला ती खूण कधी पाहायला मिळाली नाही. तुक्तोयाक्तुकला ती वेळ पहाटे ३ वाजून २७ मिनिटांची. मक्का तिथून ध्रुवाच्या पलीकडे, जगाच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला आहे. आपला किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. तिथला किब्ला जवळपास थेट उत्तरेला, जेमतेम सहा-सात अंश पूर्वेकडे. होकायंत्रावर विसंबावं तर तेही तिथे खऱ्या उत्तरेपासून बरंच पूर्वेकडे सरकलेलं असतं.

काठावर मॅकेन्झी नदीने वाहून आणलेले ओंडके पडले होते. वारा थंड. समोर समुद्र आणि त्याच्यावर, क्षितिजापासून बोटभर वर, सूर्य. ३ वाजून २७ मिनिटांनी मी एक फोटो काढला आणि कॅमेरा बाजूला ठेवला. त्या क्षणी काबाभोवती तवाफ करणाऱ्यांची सावली त्यांच्या पायांखाली होती, आणि माझी सावली माझ्यामागे दूरवर दक्षिणेला पडली होती. एकाच सूर्याची दोन टोकं. मी तिकडे तोंड करून दुआ मागितली. समोर सूर्य होता, पण मी वळलो होतो काबाकडे. सूर्य फक्त बोट दाखवत होता. अम्मीसाठी मागितलं, त्या सुदानी भावाच्या बायको-मुलांसाठी मागितलं, आणि बर्फात वाट चुकलेल्या त्या चौघांची आठवण आली.

फोटो भाईजानना पाठवला. रत्नागिरीत पाऊस कोसळत होता, ते जोहर पढून बसले होते. त्यांनी विचारलं, "हा कुठला उगवता सूर्य?" मी लिहिलं, उगवता नाही, मावळताही नाही. किब्ला आहे.

आपल्या घरांतली मुलं-मुली आता दूर जातात, शिकायला, नोकरीला, फिरायला. त्यांना अडवणं दरवेळी जमणार नाही. पण काही गोष्टी आपण त्यांच्यासोबत बांधून देऊ शकतो. जिथे जाल तिथल्या वाट जाणणाऱ्या माणसाला विचारा आणि त्याला मध्येच सोडू नका. थांबलेली गाडी दिसली तर थांबा. रोज कुणाला तरी आपली खुशाली कळवा. आणि वेळेच्या सगळ्या खुणा हरवल्या तरी अंदाज करून पढा, पण पढा. भाईजान अजूनही म्हणतात, पुढच्या वेळी एकटा जाऊ नकोस. मी होकार दिला आहे. पुढच्या उन्हाळ्यात ते स्वतःच येणार आहेत.